मोटारीच्या दिव्यातील पाणी

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींवर असणाऱ्या ॲसिटिलीनच्या दिव्यांना पाणी लागतच असे. कारण कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी पडून निघणारा वायूच त्यांत जळे. विजेचे दिवे रूढ झाल्यावर मात्र दमट हवा व धूळ यांनी परावर्तकाचा, म्हणजे प्रकाश एकवटून पुढे फेकणाऱ्या खोलगट भागाचा, चांदीचा मुलामा काळवंडू लागला आणि उजेड वर्षागणिक मंदावत गेला.

अमेरिकेने यावर काढलेला तोडगा टोकाचा होता. १९४० च्या मॉडेलांपासून तेथे आलेल्या सीलबंद दिव्यात तंतू, परावर्तक आणि पुढची काच यांचे एकच बंदिस्त कवच असे. ओलावा शिरण्यास वाट नसे आणि दिवा बिघडला तर तो अख्खाच बदलला जाई. मात्र सात इंच व्यासाच्या या गोल दिव्याने गाड्यांच्या दर्शनी भागाचा आकार दीर्घकाळ जखडून ठेवला. युरोपने सुटा बल्ब सोडला नाही आणि १९६२ मध्ये तेथे हॅलोजन बल्बही आला. अखेर १९८३ मध्ये सीलबंद दिवाच हवा हा अमेरिकेचा नियम सैल झाला आणि १९८४ च्या लिंकन मार्क सात या गाडीवर बदलता बल्ब असलेला दिवा परतला.

त्याबरोबर ओलावाही परतला. दिवा लागला की आतली हवा तापून प्रसरण पावते व बाहेर पडते. विझल्यावर ती आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. पुढचे आवरण दवबिंदूच्या, म्हणजे बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानाच्या, खाली गेले की त्यावर आतून धुके धरते. त्यातच काचेची जागा घेणाऱ्या पॉलिकार्बोनेटमधून बाष्प अल्प प्रमाणात झिरपतेही. त्यामुळे निर्मात्यांनी दिव्याला श्वास घेण्याची सोय केली: प्रथम नळ्या व छिद्रे, पुढे रॉबर्ट गोर यांनी १९६९ मध्ये शोधलेल्या ताणलेल्या पीटीएफई या प्लॅस्टिकचा पातळ पडदा, जो बाष्प जाऊ देतो पण पाण्याचा थेंब अडवतो. म्हणूनच दुरुस्ती करताना सगळ्या फटींसोबत ही छिद्रेही सिलिकॉनने बुजवणे घातक ठरते, कारण त्याने ओल आतच कोंडली जाते. दिवा उघडून सुकवणे, तडा किंवा फाटलेले रबर शोधून तेवढेच बंद करणे आणि छिद्रे मोकळी करणे हाच खरा उपाय होय. एलईडी दिव्यांनी ओल घालवण्याचे काम अधिक कठीण केले आहे, कारण त्यांची उष्णता मुख्यतः मागच्या बाजूने निघून जाते आणि पुढचे आवरण थंडच राहते.