निकोलाओ मनुची : एका परदेशस्थाचा ग्रंथ

दिल्लीहून आग्र्याकडे जाणाऱ्या जुन्या बादशाही रस्त्यावर होडल नावाचे गाव आहे. आज ते हरयाणातील पलवल जिल्ह्यात मोडते. १६५६ च्या जून महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, ह्या गावी लॉर्ड बेलोमाँट नावाच्या एका इंग्रज उमरावाला मृत्यूने गाठले. इंग्लंडचा राज्यभ्रष्ट राजा दुसरा चार्ल्स ह्याचा वकील म्हणून तो प्रथम इराणच्या शहाकडे गेला होता, आणि तेथून शाहजहान बादशहाच्या भेटीस निघाला होता. दिल्ली काही मजलांवर राहिली असता त्याचा प्रवास संपला. लवकरच मोगलांच्या चाकरीतले दोन इंग्रज तेथे येऊन हजर झाले आणि त्यांनी बादशहाच्या नावाने मृताची सारी चीजवस्तू ताब्यात घेतली. वकिलाबरोबर आलेला अठरा वर्षांचा एक इटालियन नोकर तेवढा ह्या परक्या मुलुखात निराधार उरला. त्याचे नाव निकोलाओ मनुची.

हा पोरका मुलगा स्वस्थ बसला नाही. धन्याची मालमत्ता परत मिळावी म्हणून दाद मागण्यासाठी तो थेट दिल्लीस गेला. शाहजहानाबादचे उद्घाटन होऊन तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती. तेथे त्याला दारा शुकोहच्या तोफखान्यात दरमहा ऐंशी रुपयांची नोकरी लागली, आणि व्हेनिसला परतण्याची वाट जी तेव्हा मागे राहिली ती कायमचीच. पुढली साठ वर्षे हा मनुष्य हिंदुस्थानात राहिला, येथेच म्हातारा झाला आणि येथेच वारला. जाताना त्याने एक ग्रंथ मागे ठेवला. मोगल आणि मराठे ह्यांच्या इतिहासाचा अभ्यासक त्या ग्रंथाला टाळून पुढे जाऊ शकत नाही. परंतु त्या ग्रंथाची कहाणी कर्त्याच्या कहाणीहून कमी विलक्षण नाही. किंबहुना, जन्मभूमीपासून तुटलेल्या लेखकाचे लेखन कोणाचे, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

मनुचीचा जन्म १६३८ साली व्हेनिसमध्ये झाला. जग पाहण्याच्या ओढीने १६५३ च्या नोव्हेंबरात तो घरातून पळाला आणि बंदरातील एका जहाजात लपून बसला. त्याच जहाजावर बेलोमाँट होता, आणि त्याने मुलाला आपल्या पदरी घेतले. तुर्कस्तान व इराण ओलांडून १६५६ च्या जानेवारीत ही मंडळी सुरतेस उतरली. तोवर मुलाने वाटेतच तुर्की व फारसी ह्या भाषा बोलण्यापुरत्या आत्मसात केल्या होत्या. पुढल्या आयुष्यात शस्त्रापेक्षा आणि औषधापेक्षाही त्याला ह्या भाषांचाच अधिक उपयोग झाला.

मे १६५८ मध्ये सामूगढच्या रणांगणावर दाराचा पराभव झाला. मनुची त्या लढाईत होता. पराभूत राजपुत्राच्या मागे तो लाहोर व मुलतानकडे गेला, आणि सिंधू नदीतील भक्कर किल्ल्याच्या वेढ्यात दाराच्या बाजूने तोफखाना सांभाळून राहिला. दाराचा अंत झाल्यावर औरंगजेबाची चाकरी पत्करण्यास त्याने नकार दिला. पुढे तो वैद्य बनला. वैद्यकाचे रीतसर शिक्षण त्याला नव्हते. परंतु फिरंगी म्हटला की तो वैद्य असलाच पाहिजे, अशी त्या काळी लोकांची समजूत होती, आणि हुशार माणसाला तेवढे भांडवल पुरत असे. लाहोरास त्याने काही वर्षे ह्याच धंद्यावर काढली. मुंबईजवळ वांद्र्यास स्थायिक होण्याचाही बेत त्याने केला होता. पण व्यापारात पैसा बुडाला आणि पुन्हा उत्तरेची वाट धरावी लागली. दिल्लीत औरंगजेबाचा पुत्र शाह आलम ह्याच्या घरी तो वैद्य म्हणून राहिला.

हिंदुस्थानात आलेला लेखणीबहाद्दर इटालियन हा काही एकटाच नव्हे. रोमचा पिएत्रो देल्ला व्हाल्ले १६२३ साली सुरतेस आला, गोवा व कानडी मुलूख पाहून १६२४ मध्ये परत निघाला. प्रवासात त्याने आपल्या नेपल्सच्या मित्राला लिहिलेली पत्रे १६५० पासून इटलीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागली. जेमेल्ली कारेरी १६९५ साली कृष्णाकाठी गलगल्याच्या छावणीत औरंगजेबाला भेटला. मायदेशी परतल्यावर पाच वर्षांच्या आत त्याचे जगप्रवासाचे खंड नेपल्समध्ये छापून तयार होते. हे दोघे परत गेले. त्यांचा वाचक घरी वाट पाहत होता आणि तो त्यांच्याच भाषेचा होता.

दुसरी तऱ्हा धर्मोपदेशकांची. कोन्स्तान्त्सो बेस्की हा इटालियन जेझुइट १७१० साली हिंदुस्थानात आला, तमिळ देशात राहिला आणि तमिळ कवीच झाला. वीरमामुनिवर ह्या नावाने तमिळ लोक त्याला आजही ओळखतात, आणि त्याचे ‘तेंबावणि’ हे महाकाव्य तमिळ वाङ्मयाच्या इतिहासात स्थान मिळवून आहे. मराठी वाचकाला ही तऱ्हा अपरिचित नाही. जन्माने इंग्रज असलेल्या फादर स्टीफन्सने मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली गोमंतकात छापले गेले. अशा लेखकाला जन्मभाषेतला वाचक गमवावा लागतो. पण नवी भाषा त्याला पोटाशी धरते.

मनुची ह्या दोहोंत बसत नाही. तो परत गेला नाही आणि येथल्या भाषेचा लेखकही झाला नाही. १६८६ साली मोगलांच्या तावडीतून निसटून तो मद्रासेस पोहोचला, तेव्हा युरोपात परतण्याचा विचार त्याच्या मनात होता. ह्या देशात तीस वर्षे घालविल्यावर युरोपातील जीवन आता आपल्याला मानवणार नाही, तेव्हा लग्न करून येथेच राहावे, असा सल्ला त्याला जाणत्या युरोपियनांनी दिला, आणि तो त्याने मानला. त्याच वर्षी मद्रासमधील एका इंग्रज विधवेशी त्याने विवाह केला. जन्माने व्हेनेशियन, धर्माने कॅथलिक, संसाराने इंग्रजांच्या वस्तीतला, मैत्रीने पुदुच्चेरीच्या फ्रेंचांचा आणि अनुभवाने मोगल, असा हा गृहस्थ साठीच्या घरात आल्यावर आपली हकीकत लिहावयास बसला.

लिहावयाचे तरी कोणत्या भाषेत? जन्मभाषा इटालियन होती. पण चौदा-पंधराव्या वर्षी सुटलेली. शिवाय मद्रासेस वा पुदुच्चेरीस इटालियन लिहिणारा लेखनिक सदैव मिळणे कठीण. ज्या वेळी जो लेखनिक हाताशी असेल त्याच्या भाषेत मजकूर सांगावा, असे चालले. परिणामी ग्रंथाचा काही भाग इटालियनमध्ये, काही पोर्तुगीजमध्ये आणि काही फ्रेंचमध्ये उतरला. ‘स्तोरिआ दो मोगोर’ हे नावच पाहावे. त्यातला पहिला शब्द इटालियन, पुढले पोर्तुगीज. परक्या देशात साठ वर्षे काढलेल्या मनुष्याची भाषा कशी होते, ह्याचा पुरावा ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच आहे.

अशा ग्रंथाला वाली कोण? १७०१-०२ च्या सुमारास मनुचीने पहिल्या तीन भागांचे हस्तलिखित एका फ्रेंच अधिकाऱ्याबरोबर पॅरिसला पाठविले. तेथे ते फ्रांस्वा कात्रू ह्या जेझुइट लेखकाच्या हाती पडले. १७०५ मध्ये कात्रूने मोगल साम्राज्याचा इतिहास फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केला. मनुचीच्या आधारे लिहिल्याचे त्याने शीर्षकातच नमूद केले होते. पण मनुचीचे स्वतःचे अनुभव बहुतेक गाळून टाकले आणि इतर प्रवाशांच्या वृत्तान्तांतील मजकूर आत मिसळला. त्या शीर्षकाप्रमाणे हा इतिहास एका व्हेनेशियनाच्या ‘पोर्तुगीज आठवणीं’वरून फ्रेंचमध्ये रचलेला! ज्याने पाहिले, भोगले आणि सांगितले, तो मनुष्य पुस्तकातून नाहीसा झाला.

मनुचीला ह्याचा संताप आला. त्याने आपल्याजवळची मूळ प्रत व पुढचा भाग एका कॅपुचिन धर्मगुरूच्या हाती देऊन व्हेनिसच्या सिनेटकडे रवाना केला, आणि हा ग्रंथ प्रजासत्ताकाने प्रसिद्ध करावा अशी विनंती केली. पन्नास वर्षांपूर्वी ज्या नगरीतून तो लपून पळाला होता, तिच्याकडेच तो अखेर न्याय मागत होता. व्हेनिसने ग्रंथाचा आदर केला. त्यातील परभाषेतले भाग इटालियनमध्ये उतरवून घेण्याची व्यवस्थाही झाली. परंतु छापणे राहून गेले, आणि बाडे संत मार्कच्या ग्रंथालयात पडून राहिली. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मनुची वारला, तेव्हा त्याच्या शब्दांतले एकही पुस्तक जगात नव्हते.

पॅरिसची प्रतही भटकतच राहिली. फ्रान्समध्ये जेझुइटांच्या संस्था बंद झाल्यावर त्यांचे ग्रंथालय विकले गेले. हस्तलिखित प्रथम हॉलंडात, मग इंग्लंडात आणि शेवटी १८८७ मध्ये बर्लिनला पोहोचले. विल्यम आयर्विन ह्या निवृत्त सनदी अधिकाऱ्याने त्याचा माग काढला. वायव्य प्रांतांत नोकरी करून विलायतेस परतल्यावर त्याने उत्तरकालीन मोगलांच्या इतिहासाला वाहून घेतले होते. बर्लिन व व्हेनिस येथील प्रती ताडून त्याने सिद्ध केलेला सटीप इंग्रजी अनुवाद १९०७-०८ साली चार जाड खंडांत बाहेर पडला. लिहिल्यापासून दोनशे वर्षांनी मनुची स्वतः बोलू लागला, आणि तोही एका चौथ्या युरोपीय भाषेत. पुढे ज. स. चौबळ ह्यांच्या ‘असे होते मोगल’ ह्या अनुवादाने तो मराठीतही आला.

हा माणूस सर्वस्वी विश्वसनीय आहे काय? नाही. तो सन-तारखांत चुकतो. बाजारगप्पा व अंतःपुरातील कुजबुज तो इतिहास म्हणून सांगतो. जादूटोण्याच्या कथांवर त्याचा विश्वास दिसतो. आपल्या शहाणपणाची प्रौढी मिरविण्याची एकही संधी तो दवडत नाही. दिल्लीतच राहून गेलेला फ्रेंच पंडित बर्निए ह्याने ऐकीव माहितीवर लिहिले, असा ठपका तो ठेवतो. परंतु साखळदंडांतल्या दाराची दिल्लीच्या रस्त्यांवरून धिंड निघाली, ती बर्निएने डोळ्यांनी पाहिली होती. मनुची त्या वेळी दूर भक्करच्या किल्ल्यात होता. दाराच्या अखेरीविषयी तो जे लिहितो ते दुसऱ्यांकडून ऐकलेले आहे. अभ्यासकाने हा भेद विसरता कामा नये.

तथापि जेथे तो हजर होता तेथे त्याचे मोल मोठे आहे. १६६५ मध्ये मिर्झाराजा जयसिंगाच्या तोफखान्यात नोकरीस राहून तो दक्षिणेत उतरला. पुरंदराच्या तहाच्या दिवसांत, रात्री राजाबरोबर पत्ते खेळत बसला असता, शिवाजी महाराज डेऱ्यात आले. हा उंचापुरा तरुण फिरंगी कोणत्या देशचा राजा, अशी त्यांनी विचारपूस केल्याचे मनुची लिहितो. पुढेही दोघांचे बोलणे होत राहिले. युरोपात पोर्तुगालच्या राजावाचून दुसरा राजा नाही, अशी महाराजांची समजूत होती, आणि मनुचीने त्यांना इतर राज्यांची माहिती दिली. ह्या प्रसंगात मनुचीची आत्मप्रौढी गृहीत धरूनही एक गोष्ट उरते. जयसिंगाच्या छावणीत, आयुष्यातील अत्यंत अवघड क्षणी, महाराज एका परदेशी तोफवाल्याकडून जगाची माहिती काढून घेत होते. असले बारकावे तहाच्या कलमांत सापडत नाहीत. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी गोव्यावर चाल केली, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉयचा दूत म्हणून मनुची त्यांच्याकडेही गेला होता.

लेखणीखेरीज त्याने आणखी एक साधन वापरले. शाह आलमच्या पदरी असलेल्या मीर मुहंमद ह्या चित्रकाराकडून त्याने बादशहा, राजपुत्र व सरदार ह्यांची चित्रे काढवून घेतली. त्यात अश्वारूढ शिवाजी महाराजांचे चित्र आहे. हा संग्रह व्हेनिसला गेला होता. १७९७ साली नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडविले, तेव्हा तो पॅरिसला नेण्यात आला, आणि आज तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ज्या सिनेटकडे मनुचीने दाद मागितली होती, ती सिनेटच राहिली नाही. ग्रंथ मात्र राहिला.

अठराव्या शतकात हिंगणे घराण्यातील मराठी वकील दिल्लीहून पुण्याला पत्रे धाडीत. तेही घरापासून दूर होते, परक्या दरबारात वावरत होते. पण प्रत्येक पत्राला पुण्यात वाचणारा होता, आणि तो त्यांच्याच भाषेत वाचत होता. मनुचीला हे भाग्य लाभले नाही. त्याचा वाचक कोणत्या गावचा, कोणत्या भाषेचा, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याची किंमत त्याने आपल्या हयातीत मोजली.

तरीही त्या ग्रंथातील खरा जिवंतपणा ह्याच बेघरपणातून आला आहे. व्हेनिसला परतला असता तर तो देल्ला व्हाल्लेसारखा नामांकित प्रवासी झाला असता, आणि त्याचे पुस्तक थोड्या वर्षांच्या पाहुण्याचे पुस्तक ठरले असते. तो राहिला, म्हणून दाराच्या तोफखान्यातील पगार, आजारी बेगमेची नाडी, जयसिंगाच्या डेऱ्यातील पत्त्यांचा डाव आणि वांद्र्यास बुडालेला पैसा ही सारी एकाच माणसाच्या आयुष्यात गोळा झाली. कात्रूने गाळला तो मजकूर नेमका हाच होता. त्याला तो क्षुल्लक वाटला. आज इतिहासकार मनुचीची पाने उलटतात, ती साम्राज्याच्या वंशावळीसाठी नव्हे. कात्रूने जो मनुष्य पुस्तकाबाहेर घालविला, त्याची साक्ष ऐकण्यासाठी. होडलच्या रस्त्यावर पोरका झालेला तो मुलगा दिल्लीस दाद मागावयास गेला होता. त्याच्या ग्रंथाला ती मिळावयास दोन शतके लागली.