न्याय्य व्यापाराचा शिक्का

छोट्या शेतकऱ्याच्या मालाला किमान भाव आणि त्याच्या संस्थेला वर जादा रक्कम मिळाल्याची खूण म्हणून वेष्टनावर छापला जाणारा शिक्का. हमीभावाचाच हा भाऊबंद. फक्त यातला पैसा सरकारी तिजोरीतून नव्हे, तर दुकानात पाकीट उचलणाऱ्याच्या खिशातून येतो.

याचे मूळ मेक्सिकोतल्या ओआहाका राज्याच्या डोंगरात सापडते. कोल्ह्याच्या जातीच्या ‘कोयोटे’ या प्राण्याचे नाव तिथे कॉफीच्या दलालाला पडले आहे, ते काही प्रेमाने नव्हे. १९८०च्या दशकात तिथल्या आदिवासी उत्पादकांनी ‘उसिरी’ हा संघ उभारला. डच पाद्री फ्रान्स व्हान डर हॉफ त्यांच्यासोबत होते. शेतकऱ्यांना देणगी नको होती, भाव हवा होता. व्हान डर हॉफ आणि ‘सॉलिडारिडाड’ संस्थेचे निको रोझेन यांनी त्यावर शिक्क्याची तोड काढली. १५ नोव्हेंबर १९८८ रोजी नेदरलँड्समध्ये ‘मॅक्स हॅवेलार’ कॉफीचे पहिले पाकीट प्रिन्स क्लॉस यांच्या हाती देण्यात आले. जावातल्या शेतकऱ्यांची वसाहतवादी पिळवणूक मांडणाऱ्या मुल्टाटुलीच्या १८६०च्या कादंबरीचे हे नाव. पुढे १९९७ मध्ये देशोदेशीचे असे शिक्के एका आंतरराष्ट्रीय संघटनेखाली आले.

शिक्क्याचे मोल कळते ते बाजार पडल्यावर. निर्यातीचा कोटा ठरवणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था १९८९ मध्ये मोडली आणि २००१ मध्ये अरेबिका कॉफी पौंडाला ५० सेंटच्या खाली घसरली. शिक्क्याचा दर तेव्हा १२६ सेंट होता. त्यातले ५ सेंट संस्थेच्या सामाईक निधीचे. २०२३ पासून किमान भाव १८० सेंट, निधी २० सेंट. बाजारभाव याहून चढला, तर बाजारभावच द्यायचा. निधीतून शाळेची खोली बांधायची की कॉफी सुकवायचा ओटा, हे सभासद सभेत ठरवतात. शिवाय संस्थेने मागितल्यास खरेदीदाराने कराराच्या ६० टक्क्यांपर्यंत उचल द्यावी, असा नियम आहे. हंगामाआधी सावकाराचे दार टाळता येते ते त्यामुळे.

भारतात विदर्भ, तेलंगण आणि ओडिशातल्या कापूस उत्पादकांची ‘चेतना ऑर्गॅनिक’ ही संस्था या व्यवस्थेत आहे.

मात्र शिक्का मिळाला म्हणजे गिऱ्हाईक मिळाले, असे नाही. तपासणीची फी भरूनही बऱ्याच संस्थांचा निम्म्याहून अधिक माल साध्या बाजारभावानेच जातो. मोठ्या मळ्यांच्या कॉफीलाही शिक्का द्यावा का, यावर तर घरातच भांडण जुंपले. द्यावा म्हणणारी अमेरिकी संघटना २०११ मध्ये वेगळी झाली.