चेकबॉक्स व रेडिओ बटणे, डिजिटल अर्जांतील : रूपातील विसंगती व दुरुस्ती

भरता येणाऱ्या डिजिटल अर्जात पर्याय निवडण्यासाठी ठेवलेल्या खुणेच्या जागा. चेकबॉक्स चौकोनी असतो आणि प्रत्येक चौकटीत स्वतंत्रपणे खूण करता येते किंवा ती काढता येते. रेडिओ बटण गोल असते आणि एका गटातले एकच बटण निवडता येते. एकाच अर्जातल्या खुणा लहानमोठ्या दिसणे, पडद्यावर दिसलेली खूण कागदावर न उमटणे, एका यंत्रावर बरोबरची खूण तर दुसऱ्यावर फुली दिसणे हे अशा अर्जांत नेहमी आढळणारे दोष आहेत. ते केवळ सजावटीचे मानून सोडून देणे चूक आहे. अर्जातली खूण म्हणजे अर्जदाराचे म्हणणे. ते वाचताना शंका आली की अर्ज परत येतो आणि हेलपाटा अर्जदाराला पडतो.

उदाहरण : मतदार नोंदणीच्या नमुना ८ मध्ये दोन्ही प्रकारांची गरज दिसते. १ ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेल्या सुधारित नमुन्यात निवासस्थानातील बदल, नोंदींची दुरुस्ती, ओळखपत्राची बदली प्रत आणि दिव्यांग म्हणून नोंद या चार कारणांपैकी एकच निवडायचे असते. ही जागा रेडिओ बटणांची. दुरुस्तीच्या भागात मात्र नाव, लिंग, जन्मतारीख असे एकाहून अधिक तपशील निवडता येतात. ही जागा चेकबॉक्सची. दुसऱ्या ठिकाणी राहायला गेलेल्या मतदाराला जुना पत्ता बदलण्यासाठी हाच नमुना लागतो. असा नमुना पीडीएफमध्ये बांधताना चारही कारणांपुढे सुटे चेकबॉक्स ठेवले, तर दोन कारणांवर खूण होऊ शकते आणि अर्जदाराला नेमके काय हवे ते कळत नाही. म्हणून रूप सुधारण्याआधी प्रकार बरोबर निवडला आहे का, हे पाहावे लागते.

अंतर्गत रचना : पीडीएफ हे स्वरूप अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणले. भरता येणाऱ्या अर्जांची सोय त्याच्या १.२ या आवृत्तीत, १९९६ मध्ये आली. पुढे २००८ मध्ये ते आयएसओ ३२००० हे आंतरराष्ट्रीय मानक झाले. या रचनेत प्रत्येक खुणेच्या दोन नोंदी असतात. पहिली मूल्याची : कोणता पर्याय निवडला. दुसरी रूपाची : निवडलेल्या आणि न निवडलेल्या स्थितीत काय काढायचे, याची दोन छोटी चित्रे आणि त्यांपैकी सध्या कोणते दाखवायचे त्याचा निर्देश. या दोन नोंदी जुळत असतील तोवर अर्ज सरळ चालतो. बहुतेक तक्रारींचे मूळ त्या एकमेकींपासून सुटण्यात किंवा रूपाची नोंद अपुरी असण्यात असते.

विसंगतीची कारणे : (१) अर्ज एखाद्या प्रणालीने आपोआप भरताना फक्त मूल्य लिहिले आणि रूपाचा निर्देश बदलला नाही, तर माहिती असूनही चौकट रिकामी दिसते. (२) रूपाची चित्रे फाइलमध्ये नसतील, तर ती रचण्याचे काम उघडणाऱ्या प्रोग्रॅमवर पडते आणि प्रत्येक प्रोग्रॅम ती आपल्या पद्धतीने रचतो. ‘रूप तुम्हीच तयार करा’ असे सांगणारा जुना निर्देश पीडीएफ २.० या २०१७ च्या आवृत्तीत कालबाह्य ठरवला गेला. (३) काही प्रोग्रॅम फाइलमधले चित्र बाजूला ठेवून स्वतःची खूण काढतात. फायरफॉक्समध्ये निवडलेली चौकट फुलीने दाखवली गेल्याचे आढळते. (४) खुणा बहुधा झाफ डिंगबॅट्स या चिन्हांच्या फॉन्टमधून घेतल्या जातात. या फॉन्टमध्ये बरोबरच्या खुणेच्या जागी इंग्रजी चारचा आकडा आणि भरीव वर्तुळाच्या जागी इंग्रजी लहान एल हे अक्षर असते. फॉन्ट बदलला गेला की चौकटीत खुणेऐवजी तो आकडा किंवा अक्षर उमटते. (५) अक्षराचा आकार ‘ऑटो’ ठेवल्यास खूण चौकटीच्या मापाने वाढते. चौकटी हाताने ओढून काढल्या असतील, तर प्रत्येक खूण वेगळ्या मापाची होते. (६) अडोबीचा अॅक्रोबॅट हा प्रोग्रॅम भरायच्या जागा फिकट निळ्या रंगाने उठावदार करतो. तो रंग छापला जात नाही. कडा न दिलेली चौकट त्यामुळे पडद्यावर स्पष्ट दिसते आणि कागदावर नाहीशी होते. (७) जागेच्या गुणधर्मांत ‘दिसेल, पण छापू नये’ असा पर्याय निवडलेला असेल, तर खूणही छापली जात नाही.

दुरुस्ती : एकेक चौकट सुधारण्याऐवजी एक नमुना चौकट पूर्ण तयार करावी आणि तिच्या प्रती काढाव्यात. आधीच बांधलेल्या अर्जात सर्व चेकबॉक्स एकत्र निवडून त्यांची रुंदी-उंची समान करावी. मग गुणधर्मांत कडेचा रंग व जाडी, आतला रंग, खुणेची शैली आणि अक्षराचा ठरावीक आकार द्यावा. रेडिओ बटणांसाठी हेच काम वेगळे करावे. अॅक्रोबॅटमध्ये दोन्ही प्रकारांना बरोबरची खूण, वर्तुळ, फुली, पत्त्यांतल्या चौकटसारखा तिरका चौकोन, चौरस आणि तारा या सहा शैली मिळतात. त्यामुळे गोल चेकबॉक्स किंवा चौकोनी रेडिओ बटणही बनवता येते, पण ते टाळावे. चौकोन म्हणजे हवे तितके आणि गोल म्हणजे एकच, हा संकेत वापरणाऱ्याला सूचना न वाचताही कळतो. खुणेसाठी फुली घेऊ नये. मराठी शाळेच्या वहीपासून फुलीचा अर्थ चूक असाच आहे आणि ‘होय’पुढची फुली पाहून वाचणारा थबकतो.

नावांकडेही लक्ष द्यावे लागते. एका गटातल्या रेडिओ बटणांचे नाव एकच आणि प्रत्येकाचे मूल्य वेगळे हवे. नावे वेगळी असतील तर एक निवडल्यावर दुसरे सुटत नाही. नाव आणि मूल्य दोन्ही सारखी असतील तर दोन बटणे एकदम भरली जातात. प्रत काढलेल्या चेकबॉक्सचे नाव बदलायचे राहिले, तर तोही मूळ चौकटीबरोबर चालू-बंद होतो. प्रणालीकडून अर्ज भरून घेताना मूल्य व रूप दोन्ही नोंदी एकाच वेळी बदलाव्यात आणि रूपाची चित्रे फाइलमध्ये ठेवूनच ती पुढे द्यावी. हे सारे डिजिटल सहीपूर्वी पूर्ण करावे. सहीनंतर रूप बदलले तर दस्तऐवजात फेरफार झाल्याचा इशारा येऊ शकतो.

वेब अर्ज : संकेतस्थळावरच्या अर्जांत खुणांचे मूळ रूप ब्राउझर ठरवतो. म्हणून आयफोन, अँड्रॉइड व संगणक यांवर ते वेगळे दिसते. रंगापुरती एकवाक्यता हवी असेल तर वेब पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसमधला ‘अॅक्सेंट-कलर’ हा गुणधर्म पुरतो. पूर्ण रूप स्वतः रेखायचे झाल्यास निवडलेली, रिकामी, निष्क्रिय आणि कळफलकाने पोहोचलेली अशा सर्व स्थिती रेखाव्या लागतात.

सुगम्यता : निवड केवळ रंगाने दाखवू नये. वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २.१ या आवृत्तीत, २०१८ मध्ये, अशा नियंत्रकाची कड व पार्श्वभूमी यांत किमान ३:१ इतका उठाव सांगितला आहे. दृष्टिहीन व्यक्तीचा स्क्रीन रीडर खुणेचे चित्र पाहत नाही. तो जागेचे वर्णन व स्थिती वाचतो. म्हणून प्रत्येक जागेला ‘लिंग : स्त्री’ असे पूर्ण वर्णन द्यावे. नुसते ‘चेकबॉक्स १२’ ऐकून कोणालाही अर्ज भरता येणार नाही.

तपासणी : अर्ज मोबाइलवर भरला जातो, झेरॉक्सच्या दुकानात छापला जातो आणि कार्यालयात तिसऱ्याच संगणकावर उघडला जातो. म्हणून तो प्रसिद्ध करण्यापूर्वी अॅक्रोबॅट रीडर, क्रोम, फायरफॉक्स व मोबाइल या सर्वांत भरून, जतन करून, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पुन्हा उघडून पाहावा आणि काळ्या-पांढऱ्या छपाईतही तपासावा. ज्या अर्जाची निवड या प्रत्येक टप्प्यावर तीच वाचली जाते, तोच लोकांच्या हाती द्यावा.