रेक्टिफायर, विद्युत इंजिनातील : दोषनिदान व दुरुस्ती

प्रत्यावर्ती (ए.सी.) प्रवाहाचे एकदिश (डी.सी.) प्रवाहात रूपांतर करणारे साधन म्हणजे एकदिशकारक, शेडमधल्या बोलीत रेक्टिफायर. मुंबई–हावडा लोहमार्गावरील मलकापूर, नांदुरा, जलंब व शेगाव या बुलढाणा जिल्ह्यातील स्थानकांतून जाणाऱ्या डब्ल्यूएजी-७सारख्या इंजिनांत मोठ्या शक्तीचे रेक्टिफायर असतात. अशा इंजिनांच्या देखभालीचे शेड व दुरुस्तीचा कारखाना जवळच भुसावळला आहे.

रचना : मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी सुरू झालेल्या विद्युत गाडीला तारेतूनच १,५०० व्होल्ट डी.सी. मिळे. इथल्या तारेत मात्र २५,००० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ ए.सी. असतो. इंजिनातील ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो आणि सिलिकॉन डायोडांचे दोन ब्लॉक प्रत्येकी तीन मोटरींना डी.सी. पुरवतात. ब्लॉकमधील ब्रिज-जोडणीच्या एकेका भुजेत सामान्यतः अनेक डायोड समांतर जोडलेले असून प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज असतो. थंडाव्यासाठी ब्लोअर असतात.

लक्षणे : डायोड बहुधा शॉर्ट होऊन निकामी होतो. त्याचा फ्यूज उडतो, पण गाडी चालतच राहते. उरलेले डायोड जादा प्रवाह वाहतात, तापतात आणि एकामागून एक जातात. म्हणून उडालेला एक फ्यूजही दुर्लक्षू नये. संपूर्ण भुजा तुटली, तर एक अर्धलहर गळते. मग दाब बराच घटतो, १०० हर्ट्‌झच्या तरंगात ५० हर्ट्‌झचा घटक मिसळतो आणि ट्रान्सफॉर्मरची गुणगुण वाढते.

निदान : पँटोग्राफ उतरवून, अर्थिंग करून, कपॅसिटर निचरले आहेत याची खात्री झाल्यावरच हात घालावा. संशयित डायोड जोडणीतून सोडवून मल्टिमीटरच्या डायोड-स्थितीत तपासावा. चांगला डायोड एका दिशेने सुमारे ०.४ ते ०.६ व्होल्ट दाखवतो, उलट दिशेने काहीच नाही. दोन्हीकडे शून्य म्हणजे शॉर्ट, दोन्हीकडे काहीच नाही म्हणजे तुटलेला. मीटरचा दाब अत्यल्प असल्याने उष्णतेत वाढणारी गळती त्यात दिसत नाही. त्यासाठी उच्च दाबाची उलट चाचणी लागते. मेगर (निरोधन तपासणारे उच्च दाबाचे उपकरण) लावण्यापूर्वी डायोडांची टोके एकत्र जोडावीत, नाहीतर चांगले डायोडही जायबंदी होतात.

दुरुस्ती : नवा डायोड त्याच जातीचा व जुळणाऱ्या दाबपाताचा असावा, म्हणजे प्रवाह सारखा वाटला जातो. बैठक पुसून उष्णतावाहक लेप पातळ लावावा आणि ठरलेल्या जोराने आवळावे. ढिला डायोड तापतो, अतिआवळलेल्यातील सिलिकॉनची चकती तडकते. फ्यूजच्या जागी तार कधीही बांधू नये.

डायोड बदलला म्हणजे दोष गेला असे नव्हे. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. हीटसिंकच्या पंखांत धूळ दाटली, ब्लोअर मंदावला किंवा दाबाचे झटके शोषणारा कपॅसिटर निकामी झाला, तर नवाही डायोड टिकत नाही. कारण सापडून दूर झाले, तरच दुरुस्ती पूर्ण झाली असे समजावे.