ओसरीवरची शाळा आणि "समस्त" पालक

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. रिलीज, मग प्रॉडक्शनमधले घोळ, मग नांदेडची एक चक्कर.. असो.

तर झालं असं. माझी ताई पुण्यात राहते आणि तिचा मुलगा शाळेत जात नाही. नऊ वर्षांचा आहे, घरीच शिकतो. (आणि हो, फार गोड पोरगा आहे, माझ्यापेक्षा छान बुद्धिबळ खेळतो.) तिच्यासारख्या पालकांचा एक गट आहे. महिन्यातून एकदा भेटतात. मागच्या भेटीत ठरलं की सरकारला एक निवेदन द्यायचं, घरी शिकण्याला सरळ मान्यता द्या म्हणून. ताई म्हणाली, "तू इतिहासाचं वाचत असतोस ना, मग आपल्याकडे पूर्वी घरीच शिकायचे, यावर एक परिच्छेद लिहून दे." शेवटी सही होती: "महाराष्ट्रातील समस्त होमस्कूलिंग कुटुंबे".

म्हटलं, त्यात काय, अर्ध्या तासाचं काम.

मला लगेच आजोबा आठवले. त्यांचा जन्म 1930 चा, कंधारकडच्या एका खेड्यातला. म्हणजे निजामाचं राज्य. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात मराठी बोलणारे सुमारे चौथाई, पण कारभार उर्दूत. उस्मानिया विद्यापीठ 1918 साली निघालं तेही उर्दू माध्यमाचं. खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागायची, आणि 1929 च्या 53 नंबरच्या गश्तीनंतर तर साधी सभा भरवायलाही. अशा दिवसांत आजोबा शिकले ते गावातल्या एका वाड्याच्या ओसरीवर. पंतोजी यायचे. पाटीवर माती पसरून बोटाने अक्षरं गिरवायची, मग मोडी, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी. फी म्हणजे धान्य. आजोबा शेवटपर्यंत कापसाच्या पट्टीचा हिशोब तोंडी करायचे. मी मोबाईल काढेपर्यंत त्यांचं उत्तर तयार असायचं :)

परिच्छेद झकास जमत होता. राज्यसत्तेची भाषा नाकारून आपल्या पोरांना आपल्या भाषेत शिकवणारी घरं! त्यात भर म्हणून हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा घातली. ती 1921 ची. व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, तिथे मुख्याध्यापक होते आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले. मग महाराष्ट्र परिषद. पहिलं अधिवेशन 1937 ला परतूरला, दुसरं 1938 ला लातूरला, तिसरं 1941 ला उमरीला. मातृभाषेतून शिक्षण ही या मंडळींची मोठी मागणी. आपल्या लातूरला, आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला हे झालं, हे लिहिताना अंगावर काटा आला हे कबूल करतो.

आणि मग अडलो.

कारण परिच्छेद फोनवर आजीला वाचून दाखवला. आजीला लिहिता येत नाही, सही येते. ती ऐकत होती आणि शेवटी एवढंच म्हणाली, "आम्हाला कोन बसू देतंय बाबा तिथं." ओसरी तिच्या मामाचीच होती. ती आत दळण करत पाढे ऐकायची. तिला आजही निमकी येते, फक्त कुणी शिकवलेली नाही. मी विचारलं, गावातली बाकीची पोरं? ती म्हणाली, "खालच्या आळीची? ती वाड्यात कशाला येतील."

मग मी 1938 पुन्हा उघडलं. ज्या साली लातूरला महाराष्ट्र परिषद भरली, त्याच साली 30 डिसेंबरला कन्नडजवळ मक्रणपूरला दलितांची परिषद भरली. भाऊसाहेब मोरे यांनी घडवून आणलेली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यासाठी आले होते. एकच संस्थान, एकच भाषा, एकच वर्ष आणि परिषदा दोन. आपल्याला शाळेच्या पुस्तकात त्यातली पहिली नीट भेटते. लातूरला जमलेली माणसं खोटी नव्हती. त्यांनी तुरुंग सोसला, हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर ती निघताच बंदी आली. पण "मराठवाड्याची जनता" असं ती म्हणायची, तेव्हा त्या जनतेतल्या काहींना आपलं वेगळं बोलावं लागत होतं, हेही खरंच. पुढे 1950 साली नांदेडला स्वामीजींचं पीपल्स कॉलेज निघालं आणि औरंगाबादला बाबासाहेबांचं मिलिंद. दोन्हीमुळे खेड्यातली पोरं पदवीधर झाली. माझे वडील पहिल्यातून शिकले, माझ्या टीम लीडचे वडील दुसऱ्यातून. दोन्ही घरांच्या गोष्टी अगदी वेगळ्या सुरू होतात.

आता आजच्याकडे या. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या दहाव्या कलमात मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास शिक्षा नाही. या फटीत ताईचं घर बसतं. पुढे मुक्त विद्यालय किंवा आपला जुना सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी देता येते. "स्वशिक्षण" नावाची होमस्कूलिंग करणाऱ्यांची संघटना आहे, तीही या कुटुंबांसाठी बोलते. आणि बोलायलाच हवं, कारण शेजारी "पोरगं शाळेत का नाही" म्हणून ताईला छळतात ते मी पाहिलंय.

पण महाराष्ट्रात शाळेत न जाणारी मुलं अजूनही आहेत की. मुखेड, कंधार, जळकोटकडून दिवाळीनंतर कोयता घेऊन नवरा-बायको कारखान्याला जातात, पोरं सोबत कोपीवर. ती धाकट्या भावंडांना सांभाळतात. साखरशाळा, हंगामी वसतिगृहं निघाली ती याच पोरांसाठी. दुसरीकडे तीव्र अपंगत्व असलेली मुलं. 2012 च्या दुरुस्तीने त्यांना घरून शिकण्याचा हक्क कायद्यातच दिलाय, म्हणजे "घरी शिक्षण" हा शब्द कायद्यात आला तोच मुळी त्यांच्यासाठी. ताईच्या गटात यातलं एकही कुटुंब नाही. मुद्दाम वगळलेलं नाही, भेट कोथरूडच्या फ्लॅटमध्ये असते एवढंच.

आणि माझी खरी भीती वेगळी आहे. उद्या "पालकांनी सांगितलं की घरी शिकते, तर विचारू नका" असा नियम झाला, तर ताईच्या मुलाचं भलंच होईल. पण जळकोटच्या एखाद्या तेरा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरवणारा बापही तेच वाक्य म्हणेल. आज निदान गुरुजी पटावरचं नाव घेऊन घरी विचारायला येऊ शकतात. ते विचारणं ताईला जाच आहे. त्या मुलीला कदाचित तेवढाच आधार आहे.

हे ताईला सांगितलं. ती चिडली. "म्हणजे मी मागणंच करू नये? सगळ्यांचं ओझं मीच घ्यायचं?" मला त्याला उत्तर नव्हतं, अजूनही पूर्ण नाही. मागणी चूक आहे असं मला वाटत नाही, मला खटकली ती सही. दोन दिवस ती बोलली नाही. मग तिने मसुदा परत पाठवला. "समस्त" खोडून तिथे "पुणे व पिंपरी-चिंचवडमधील आम्ही तेवीस कुटुंबे" असं होतं, आणि खाली एक नवी ओळ, की मुलाची वर्षातून दोनदा भेट घेऊन पाहणी व्हावी, त्याला आमची हरकत नाही. त्या ओळीवरून गटात वाद झाला म्हणे, चार कुटुंबांनी सही केली नाही. आकडा आता एकोणीस आहे.

माझा ओसरीवरचा परिच्छेद तिने ठेवलाय. त्यात मी आजीचं वाक्य घातलं, तिच्याच शब्दांत. ताई म्हणाली "कोन"चं "कोण" करू का? मी नको म्हटलं.