घर, घराणे आणि नोंदवही : हैदराबादचा हिजडा समाज

आपण कोण आहोत, याची जाणीव माणसाला आतून होते. परंतु त्या जाणिवेला नाव मिळते ते भोवतालाकडून. हैदराबादच्या हिजडा समाजाचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

येथे हिजड्यांची दोन घराणी आहेत : 'शहरवाले' आणि 'लश्करवाले'. लश्कर म्हणजे सिकंदराबादची छावणी. घरातून दुरावलेली व्यक्ती 'रीत' होऊन अशा घराण्यात दाखल होते. गुरू, गुरुभाई, चेले हे नवे नाते जुळते. राहणी, बोली, सलामाची पद्धत आणि 'इज्जत' या शब्दाचा अर्थ ती तेथेच शिकते. गायत्री रेड्डी यांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासग्रंथानुसार, जन्माने हिंदू असलेल्या अनेक हिजडाही येथे स्वतःला मुसलमान म्हणवत. कुटुंबाने दिलेली ओळख मागे पडते आणि घराण्याची ओळख अंगी मुरते, याचे हे ठळक उदाहरण होय.

दुसरी ओळख राज्यसत्तेने लादली. १८७१ च्या ब्रिटिश कायद्याच्या धर्तीवर निजाम राज्यात १३२९ फसली, म्हणजे १९१९ साली कायदा झाला. मुले पळविणे व त्यांचे खच्चीकरण करणे, या संशयावरून हिजड्यांची नोंदवही ठेवली जाऊ लागली. सार्वजनिक जागी स्त्रीवेशात आढळल्यास वॉरंटाविना अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. घराण्यात जी चेला, तीच सरकारदप्तरी संशयित ठरली. जुलै २०२३ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरविला. तत्पूर्वी, १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपले लिंग स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला होता.

मात्र घर सुटणे अटळ नसते. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे मराठी आत्मकथन २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी हिजडा समाजात गुरू केला, तरी आईवडिलांनी त्यांना दूर लोटले नाही. महाविद्यालयीन शिक्षण आणि भरतनाट्यम यांचाही त्यांच्या जडणघडणीत वाटा होता. त्यामुळे मुलगी, चेला, नर्तकी, कार्यकर्ती ही सारी नाती त्यांना एकाच वेळी जपता आली.

मूळ जाणीव संगोपनाने निर्माण होत नाही आणि पुसलीही जात नाही. तिच्याकडे अभिमानाने पाहावे की अपराध म्हणून, हे मात्र मूल प्रथम घरात आणि शाळेतच शिकते.