मोडशी : एका घरगुती शब्दाचा इतिहास

आमच्या शिरूर कासारला सिंदफणेच्या कांठीं लग्नाची पंगत उठली कीं दुसऱ्या दिवशीं कोणीतरी हमखास म्हणतें, "काल जेवण अंमळ जास्त झालें, मोडशी झाली वाटतें." मग ओवा, सुंठ आणि एक दिवसाचें लंघन एवढ्यावर प्रकरण मिटतें. आज हा शब्द इतका सौम्य झाला आहे. परंतु याच शब्दानें एके काळीं गोव्याच्या बंदरांत माणसांच्या उरांत धडकी भरविली होती, हें पुष्कळांना ठाऊक नसेल.

पोटाच्या तक्रारींना मराठींत शब्दांची वाण नाहीं. जें जिरलें नाहीं तें अजीर्ण. म्हणूनच आपण पैशाचें वा विद्येचें अजीर्ण झालें, असेंहि म्हणतों. पोट फुगलें तर गुबारा, आंत पीळ पडला तर मुरडा. मोडशी यांहून निराळी. तिच्यांत वांती व ढाळ दोन्ही येतात. यूल आणि बर्नेल यांनीं १८८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी कोशांत या शब्दाचें मूळ मराठी 'मोडणें' या क्रियापदांत दाखविलें आहे. माणसाला मोडून टाकते ती मोडशी, असा हा अर्थ.

गोव्यांत १५४३ सालीं मोठी सांथ आली. गास्पार कोरेया या पोर्तुगीज बखरकारानें तिचें वर्णन केलें असून, तिचें नांव एतद्देशीयांच्या तोंडून ऐकलें तसेंच लिहून ठेविलें आहे. पुढें १५६३ सालीं गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधींवरील ग्रंथ गोव्यांतच छापला गेला. त्यांत तो या रोगाचें देशी नांव 'मोर्शी' असें देतो, आणि त्याचबरोबर अरबी नांवहि सांगतो. तें अरबी नांव म्हणजेच निजामी अंमलांतील आमच्या मराठवाड्याच्या ओळखीचा 'हैजा'! पोर्तुगीजांनीं मोडशीचें 'मोर्देशीं' केलें. फ्रेंचांच्या कानांना त्यांत 'मोर द शियां', म्हणजे 'कुत्र्याचें मरण', असें ऐकूं आलें, आणि इंग्रजांनींहि तेंच रूप उचललें. आमचा एक घरगुती शब्द असा भलताच वेष घेऊन युरोपच्या ग्रंथांत जाऊन बसला.

१८१७ सालीं बंगालमध्यें उसळलेली सांथ पुढल्याच वर्षीं मुंबईपर्यंत पोहोंचली. त्या रोगाला महामारी, पटकी, जरीमरी अशीं नांवें रूढ झालीं. भयंकर अर्थ या नांवांनीं उचलला आणि मोडशीकडे केवळ अपचन राहिलें. शब्द निरुपद्रवी झाला. रोग मात्र झाला नाहीं.

ही गोष्ट मला पुस्तकांतून समजली नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत विहिरींनीं तळ गांठला होता. आमच्या आत्याला एके सकाळीं ढाळ-वांत्या सुरू झाल्या. घरांतील वडीलधारी मंडळी म्हणालीं, "मोडशी आहे, पोटाला विसांवा द्या, पाणीसुद्धां देऊं नका." ती पाणी मागत राहिली. मी तेव्हां लहान होतों. तांब्या हातांत असूनहि मला तो पुढें करतां आला नाहीं. दिवेलागणीला ती गेली. तो कॉलरा होता कीं आणखी कांहीं, याची तपासणी कोणीच केली नाहीं. घरच्यांनीं निष्काळजीपणा केला असें मी म्हणत नाहीं. त्यांनीं त्या शब्दावर विश्वास ठेविला.

दैवाचा खेळ पाहा! आदल्याच वर्षीं, १९७१ सालीं, बंगालमधील बनगांवच्या निर्वासित छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ-साखरेचें पाणी पाजून कॉलऱ्याचे असंख्य रोगी वांचविले होते. शेंकडा तीसच्या आसपास असलेलें मृत्यूचें प्रमाण तेथें चारांच्या खालीं आलें. परंतु ती वार्ता आमच्या आळीपर्यंत आली नव्हती.

म्हणून माझी विनंती एवढीच. जेवणाच्या अतिरेकाला खुशाल मोडशी म्हणा. पण ढाळ-वांत्या थांबत नसतील, तर त्या शब्दाचा जुना अर्थ आठवा. एक लिटर उकळून निवविलेलें पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घोट घोट पाजीत राहा, आणि दवाखाना गांठा. लंघन अन्नाचें असतें. पाण्याचें कधींहि नाहीं.